भुजंगची पहिली न्हाई

आमच्या झरीत भुजंगला भुजंग म्हणणारी दोनच माणसं आहेत, त्याची आई धुरपताबाई आणि मी. बाकीचा गाव त्याला हावजी म्हणतो. आमच्या बाजूला होकाराला 'हाव' म्हणतात, आणि या माणसाच्या तोंडून त्याखेरीज दुसरं उत्तर कुणी ऐकलेलं नव्हतं. हावजी, बैलांना पाणी दाखव. हाव. हावजी, सोयाबीन काढायला एक माणूस कमी पडायलाय. हाव. हावजी, आमच्या म्हातारीला परभणीच्या दवाखान्यात नेऊन आण, मला पत्ते खेळायचेत. हाव. हे शेवटचं इतक्या उघड कुणी बोलत नाही, पण अर्थ तोच असतो.

मला याचा संताप यायचा. माझं रस्त्यावर खतं-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानापुढे एक बाकडं आहे आणि गावाची अर्धी अक्कल दिवसभर त्यावर बसून असते. उरलेली अर्धी कुठे असते ते मला अजून सापडलेलं नाही. त्या बाकड्यासमोरून भुजंग रोज कुणाचं ना कुणाचं ओझं घेऊन जाताना दिसायचा, आणि बाकड्यावरचे हसायचे. मी दोन-चारदा त्याला झापलं. "अरे, एखाद्याला तरी न्हाई म्हण की." त्यावर तो काय म्हणाला असेल ते सांगायला नको.

तसा माणूस गुणाचा. घरची चार एकर जमीन बघतो आणि लग्नसराईत आचारी म्हणून जातो. त्याच्या हातच्या वांग्याच्या भाजीसाठी माणसं आपला काही संबंध नसलेल्या लग्नालाही जातात. मीही गेलो आहे. पण हजारो पानं वाढून झाली, चाळिशी दारात आली, तरी याच्या स्वतःच्या लग्नाचं जमेना. शेतकऱ्याला हल्ली पोरगी मिळणं किती अवघड झालंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीचा बाप विचारतो, पोरगा काय करतो? शेती म्हटलं की चहा येतो. चहा प्यायचा आणि उठायचं. भुजंग असे इतके चहा प्याला की धुरपताबाई घरी चहा करायच्याच बंद झाल्या.

शेवटी माझ्या बायकोनं, मंजुषानं, तिची मावसबहीण सुचवली. राजेश्री छत्तीस-सदतीस वर्षांची. जिंतूरला तहसीलच्या रस्त्यावर तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. एकदा लग्न होऊन मोडलेलं. पहिला नवरा लग्नाआधी गोड बोलायचा. तू नोकरी कर, शिक, वाटेल तेव्हा माहेरी जा, माझी कशाला ना नाही. लग्नानंतर महिनाभरातच तो म्हणायला लागला, "असं मी कवा म्हणलो?" पुढे कोर्टकचेरी झाली आणि ती मोकळी झाली. म्हणून या वेळी तिनं मंजुषाला आधीच सांगून टाकलं होतं की सगळं बाँड पेपरवर लिहून, वाचून, सही करून मगच लग्न.

भुजंगला घेऊन मी एसटीनं जिंतूरला गेलो. राजेश्रीनं दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं, आम्हाला डब्यातले पोहे दिले आणि भुजंगनं ते दोनदा घेतल्यावर टाइप केलेला कागद पुढ्यात ठेवला.

"वकिलाला इचारलं मी, दाजी," ती मला म्हणाली. "त्यो म्हणला, असला कागद कोर्टात टिकत न्हाई."

"मंग कामून करायलीस?"

"कोर्टासाठी न्हाईच. माणसानं माझ्यासमोर बसून ऐकावं, इचार करावा आन् मंग बोलावं, एवढंच पायजे मला. इथं रोज माणसं येतेत. फॉर्मवर काय लिवलंय ते बघत न्हाईत, अंगठा पुढं करतेत. तसं मला माझ्या लग्नात नको."

ती वाचायला तोंड उघडणार, एवढ्यात भुजंग म्हणाला, "हाव."

"अजून म्या वाचलं न्हाई."

"वाचा ना. आपलं हाव हाय."

तिनं वाचायला सुरुवात केली. जिंतूरचं दुकान चालूच राहील. हाव. डोक्यावर पदर घ्यायची सक्ती नाही. हाव. मोबाईल कुणी उघडून बघायचा नाही. हाव. घरात स्वयंपाक एक दिवस बायकोनं, एक दिवस नवऱ्यानं. हाव. माहेरी जाताना विचारायचं नाही, फक्त सांगायचं. हाव. तिनं एकदा त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि कागदाकडे बघत त्याच आवाजात म्हणाली, "रोज सकाळी नवऱ्यानं अंगणात एका पायावर उभं राहायचं."

"हाव," भुजंग म्हणाला.

मला हसू फुटलं. ती हसली नाही. कागद तिनं उलटा ठेवला आणि तिचा चेहरा पडला.

"दाजी, पहिला बी असाच होता. सगळ्याला होकार. ह्यांच्या होकारात काही हाय का रिकामाच हाय, ते मला कसं कळावं?" मग ती भुजंगकडे वळली. "अहो, माणूस तुमी चांगले दिसता. पर एका तरी अटीला मनापासून न्हाई म्हणा. तवर माझी सही न्हाई आन् लगीन बी न्हाई."

"हाव," भुजंग म्हणाला आणि आमचा पाहुणचार आटोपला.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं लावून बसला होता. मी म्हटलं, "एक शब्द हाय बाबा. दोन अक्षरं. बोलायला काय जातं?"

"निघत न्हाई, योगीभाऊ. समोरचं माणूस तोंडाकडं बघायला लागलं की त्याला न्हाई म्हणणं जिवावर येतं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "त्यांनी मला अहो म्हणलं. मला त्या लय आवडल्या. हे हुकलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात चहा प्यायला जाणार न्हाई."

तो हे इतक्या सरळ बोलला की मला पुढे झापता येईना.

झरीत उतरलो तर भुजंगच्या ओसरीवर बायांचा घोळका. मध्ये धुरपताबाई डोक्याला हात लावून बसलेल्या. मला वाटलं, गेलं कुणीतरी. झालं होतं असं की आमच्या गावच्या एकानं जिंतुरात शटरखालून डोकावून बाँड पेपर बघितला होता आणि आमच्या आधीच्या जीपनं येऊन सांगितलं होतं की भुजंगचा कागद झाला. आता आमच्याकडे शेताचा कागद झाला म्हणजे खरेदीखत, पण नवरा-बायकोचा कागद झाला म्हणजे एकच गोष्ट, सोडचिठ्ठी. दुसऱ्या कुठल्या कारणानं नवरा-बायको बाँडवर सही करतात हे इथे कुणाच्या ऐकिवात नाही.

"लगीन न होताच सोडचिठ्ठी," एक बाई डोळे पुसत म्हणाली. "असं म्या जल्मात ऐकलं न्हाई." दुसरी जास्त कामाची होती. तिनं तिच्या नणंदेच्या गावातली एक मुलगी सुचवूनही टाकली होती, आणि भुजंगचं आता दुसरेपण असल्यामुळे फार चोखंदळ राहू नये असंही बजावलं होतं.

मी घसा फोडून समजावलं की ही सोडायची नाही, जोडायची चिठ्ठी आहे. अटी आठवून आठवून सांगितल्या. बायांना त्या पटल्या नाहीत, पण एकीनंही उठायचं नाव घेतलं नाही, आणि माहेरची अट मला दोनदा सांगायला लावली. धुरपताबाईंनी पदराच्या अटीवर विचार केला. "नको घेऊ दे," त्या म्हणाल्या. "म्या जल्मभर घेतला. केस कवा पांढरे झाले ते मलाच दिसलं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून मी भुजंगची तालीम सुरू केली. त्याला दुकानात समोर उभा केला. म्हटलं, "मी काम सांगणार, तू न्हाई म्हणायचं. भुजंग, ती युरियाची गोणी आत नेऊन ठेव."

"न्हाई," तो म्हणाला आणि गोणी उचलली.

"अरे, ठेव ती."

"हाव. कुठं ठिवू?"

बाकड्यावरच्यांनी आठवडाभर दुसरं काही केलं नाही. जो येई तो भुजंगला काहीतरी मागून बघे. एकानं त्याच्याकडे त्याची मोटारसायकल मागितली. भुजंगनं डोळे घट्ट मिटले, मोठ्यानं न्हाई म्हणाला आणि चावी पुढे केली. शेवटी मीच कंटाळलो. म्हटलं, पाचवी अट माहेरची आहे, तेवढी पाठ कर, तिला न्हाई म्हण, आणि विषय संपव. पुन्हा जिंतूर गाठलं.

"पाचव्या अटीला माझी न्हाई," दुकानात पाऊल ठेवताच भुजंगनं सांगितलं.

राजेश्रीचा चेहरा खुलला. तिनं खुर्ची ओढून दिली. "बरं. कामून न्हाई?"

भुजंगनं माझ्याकडे बघितलं. मी झेरॉक्सच्या मशीनकडे बघायला लागलो.

"योगीभाऊ म्हणले, पाचवीला म्हण."

"आन् तुमाला काय वाटतं?"

"हाव वाटतं."

"दाजी," राजेश्री मला म्हणाली, "तुमी बाहीर बसा." मी बाहेर बसलो. थोड्या वेळानं भुजंगही बाहेर आला. राजेश्रीचं उत्तर तेच होतं, सही नाही.

एवढ्यात सोडचिठ्ठीची अफवा राजेश्रीच्या वडिलांच्या, दिनकररावांच्या कानावर गेली. दिनकरराव निवृत्त ग्रामसेवक. नोकरी सुटली तरी ग्रामसभा सुटलेली नाही, घरातही ते विषय मांडतात, अनुमोदन घेतात आणि ठराव पास करतात. मुलीचं एक लग्न मोडलेलं, त्यात दुसरं व्हायच्या आधीच गावभर सोडचिठ्ठी. त्यांनी चार माणसं आणि राजेश्रीला घेतलं आणि गाडी करून थेट माझ्या घरी झरीत आले.

बैठक बसली. भुजंग, धुरपताबाई, मी, आमच्याकडची दोन-तीन वडीलधारी माणसं. राजेश्री आत मंजुषाजवळ. दारात अर्धा गाव उभा, त्यात बौद्ध वस्तीतला सुगत गवंडीही होता.

"विषय क्रमांक एक," दिनकरराव म्हणाले. "लोकांची तोंडं बंद करायची. येत्या रविवारी आमच्या पोराला, राजेश्रीच्या दादाला, पुण्याहून सुट्टी मिळायलीय. रविवारी यादी, आन् यादी पे शादी."

यादी पे शादी म्हणजे आमच्या मराठवाड्यातली सोय. देण्याघेण्याची यादी करायला दोन्हीकडची माणसं जमतात, बोलणी जुळली की लगेच हार आणायचे, भटजींना बोलवायचं आणि त्याच बैठकीत लग्न उरकायचं. मला बरंच वाटलं. घाईगर्दीत तो बाँड मागे पडेल, पोरीचा हट्टही विरघळेल आणि भुजंग सुटेल. मी मान हलवली. सगळ्यांनीच हलवली. नवरदेवाला विचारायचं काही कारण नव्हतं, पण दिनकररावांना ठराव एकमतानं पाहिजे होता.

"जावईबापू, रविवार. मंजूर?"

"न्हाई," भुजंग म्हणाला.

धुरपताबाईंना थोडं कमी ऐकू येतं. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणला?"

"न्हाई म्हणला."

"कोन?"

भुजंग मांडीवर पालथे हात दाबून बसला होता. "रविवारी सुगतच्या पोरीचं, प्रियांकाचं लगीन हाय," तो म्हणाला. "जेवण माझ्याकडं हाय. म्या जबान दिलीय."

"दुसरा आचारी पाठव," दिनकरराव म्हणाले. "हाय काय त्यात?"

"दुसरा आधी ठरला होता. त्यानं ऐन वेळी अंग काढलं. त्या वस्तीत बाकीचे जातच न्हाईत. कुणी असता तर सुगत माझ्या दारात कशाला आला असता?"

काहींच्या माना खाली गेल्या, त्यांत आमच्याकडचेही होते. दारातून सुगत म्हणाला, "भाऊ, तुमी लगीन करून घ्या. असा योग पुन्हा येत न्हाई. आमी आमचं काहीतरी बघतो."

"न्हाई," भुजंग त्यालाही म्हणाला.

एकाच बैठकीत दोन. दारातला गाव आवाज न करता पुढे सरकला. मी भुजंगचा पाय दाबला, त्यानं तो काढून घेतला. तेव्हा पहिल्यांदा माझ्या टाळक्यात शिरलं की आम्ही इतकी वर्षं या माणसाच्या होकारावर हसत आलो, पण त्यानं होकार दिला आणि काम झालं नाही असं मला एकदाही आठवेना.

दिनकरराव लाल झाले. "दुसऱ्याच्या जेवणासाठी स्वतःचं लगीन मोडायलास? रविवारी न्हाई, तर मंग मुलगी बी न्हाई. विषय संपला."

भुजंगनं आतल्या दाराकडे बघितलं. "मला त्या पायजेत," तो म्हणाला. "लय पायजेत. पर रविवारी मला जमणार न्हाई."

दिनकरराव उठले आणि चपला घालायला लागले. त्यांची चार माणसंही उठली. एवढ्या वर्षांनी जमलेलं लग्न माझ्या ओसरीवरून निघून चाललं होतं, आणि खोटं कशाला सांगू, मला रडू यायचं बाकी होतं.

"बाबा, चपला काढा," आतून आवाज आला.

राजेश्री बाहेर येऊन उभी राहिली. हातात तो बाँड होता. "दादाला पुन्हा सुट्टी न्हाई मिळाली तर व्हिडिओ कॉलवर बघंल. प्रियांकाचं लगीन होऊन जाऊ द्या, मंग आपली तारीख धरा. बसा तुमी."

दिनकरराव एका पायात चप्पल घालून बसले. ती भुजंगच्या समोर, सगळ्यांच्या देखत, खाली बसली.

"आता म्या पुन्हा वाचते. नीट ऐका."

पहिली अट तिनं वाचली, दुकानाची. भुजंगचं तोंड उघडलं, मिटलं. तो विचार करायला लागला. त्याला विचार करताना गावानं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"दुकान चालू द्या," तो म्हणाला. "पर त्यात एक घाला. सांजची शेवटची बस हुकली तर फोन करायचा. रस्त्यावर हात दाखवत उभं राहायचं न्हाई. मी घ्यायला येईन. लग्नाच्या हंगामात म्या भट्टीपाशी असलो, तर योगीभाऊ येतेल."

मला कुणी विचारलं नव्हतं. मी तसं बोलणारच होतो, पण मंजुषा दारात उभी होती.

राजेश्रीनं ते पेनानं लिहिलं. लिहिताना तिचा हात मध्येच थांबला. मग मधल्या दोन सोडून तिनं स्वयंपाकाची वाचली, एक दिवस हिनं आणि एक दिवस त्यानं.

"न्हाई," भुजंग म्हणाला. आता त्याला त्या शब्दाची गोडी लागली होती. "हे मला मंजूर न्हाई. भाजी रोज मीच करणार."

"कामून?"

"पहिल्या भेटीत तुमी डब्यातले पोहे दिलते. कच्चे होते."

दिनकरराव खोकले. "पोहे तिच्या आईच्या वळणाचे असतेत," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"दोनदा घेतले की तुमी," राजेश्री म्हणाली.

"घेतले. तुमी तोंडाकडं बघत होता."

राजेश्री हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. ती अट तिनं आडवी रेघ मारून खोडली. खाली सही केली. पेन भुजंगला दिलं. त्यानं कागद गुडघ्यावर धरून सावकाश सही केली. मग तिनं कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

मी साक्षीदार म्हणून पेन हातात धरून बसलो होतो. म्हटलं, "अगं, पदराची, मोबाईलची, माहेरची, सगळ्या राहिल्या की वाचायच्या."

"त्या तोंडी चालतेल, दाजी," राजेश्री म्हणाली.